सायकल खोक्यात घालून परदेशी निघताना: पहिल्या दिवसाची तयारी

घराला कुलूप लावल्यापासून परक्या गावातल्या खोलीत पाठ टेकेपर्यंत पहिल्या खेपेला मला ३१ तास लागले. दोन विमानं, मधे सात तासांचा थांबा, मग रेल्वे, आणि शेवटी अंधारात खोका ओढत काढलेली दीड किलोमीटरची वाट. त्या सगळ्या वेळात सायकल एक मीटरही चालवली नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी ठरवलेले ९० किलोमीटर काही झाले नाहीत. ४० वर पाय बोलायला लागले आणि वाटेत सापडलेल्या पहिल्या खोलीत मुक्काम केला.

तेव्हापासून आराखडा करताना मी प्रवासाचा दिवस हाच सहलीचा पहिला टप्पा धरते. त्या दिवशी सायकल चालवायची नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या निम्मा पल्ला. सुट्टीतला एक दिवस वाया गेला असं नव्याने जाणाऱ्यांना वाटतं, पण थकलेल्या अंगानं, अनोळखी वाहतुकीत, घाईनं जुळवलेली सायकल चालवणं खरोखर धोक्याचं असतं. हा लेख त्या एका दिवसाबद्दल आणि त्याच्या तयारीबद्दल आहे. ती तयारी मात्र दोन महिने आधी सुरू होते.

तिकीट काढण्याआधी

आधी सायकल कशी जाणार ते बघा, मग विमानाचं भाडं बघा. हा क्रम उलटा झाला की स्वस्तातलं तिकीट महागात पडतं. बहुतेक विमान कंपन्यांच्या सामानाच्या नियमांत खेळाच्या साहित्याचं वेगळं पान असतं, त्यात सायकलचा उल्लेख शोधा. साध्या चेक-इन बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटीमीटरची मर्यादा सर्रास असते. सायकलचा खोका साधारण १४० बाय ८० बाय २० सेंटीमीटर भरतो, म्हणजे बेरीज २४०. काही कंपन्या सायकलला ही मापाची अट लावत नाहीत आणि ती नेहमीच्या बॅगेतच मोजतात. काही वेगळं शुल्क घेतात. काहींच्या छोट्या विमानांत सायकल जातच नाही. वजन २३ किलोपर्यंत चालतं की ३२, तेही तिथेच कळेल. एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर मात्र जाऊ देऊ नका. तो नग उचलणाऱ्या माणसांच्या पाठीचा विचार करून ठरलेली ही मर्यादा आहे, आणि बहुतेक ठिकाणी जास्तीचे पैसे देऊनही ती ओलांडता येत नाही.

तिकिटावर एका कंपनीचं नाव आणि प्रत्यक्ष विमान दुसऱ्याच कंपनीचं, असं हल्ली वरचेवर होतं. अशा वेळी विमान उडवणाऱ्या कंपनीचे नियम नीट वाचा आणि सायकलचं काय ते दोघींकडूनही विचारून घ्या. तिकीट काढल्यावर लगेच सायकलची नोंद करा आणि तिची लेखी पोच मागा. फोनवर कुणी ‘हो, चालेल’ म्हणालं ते काउंटरवर उपयोगी पडत नाही. पोच छापून घ्या आणि फोनमध्येही ठेवा.

सगळा प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर करा. दोन वेगवेगळी तिकिटं जोडली तर मधल्या विमानतळावर खोका उतरवून घ्यायचा, देशात प्रवेश करायचा आणि पुन्हा चेक-इन करायचं. त्यासाठी व्हिसाही लागू शकतो. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीवर तुमची काहीच जबाबदारी नसते. एकाच तिकिटावरही मधला थांबा दीड तासाचा असेल तर मी तो घेत नाही. माणूस धावत पुढच्या गेटवर पोचतो, मोठ्या आकाराचा खोका वेगळ्या वाटेनं, वेगळ्या गाडीतून येतो. तीन तास असले तर दोघंही पोचतात.

आणखी दोन गोष्टी आत्ताच बघून ठेवा. विमान कधी उतरतं? दुपारच्या आधी उतरणारं थोडं महाग असलं तरी घ्या, म्हणजे सगळी कामं उजेडात होतात. आणि विमानतळाबाहेरचा रस्ता सायकलला खुला आहे का? पुष्कळ विमानतळांना जोडणारे रस्ते द्रुतगती महामार्ग असतात आणि त्यांवर सायकलला बंदी असते. नकाशात विमानतळापासून गावापर्यंतचा सायकलचा रस्ता सापडला नाही तर पहिल्या मुक्कामापर्यंत मोठी टॅक्सी, बस किंवा रेल्वे ठरवावी लागेल. रेल्वेचे नियमही देशागणिक बदलतात. जर्मनीत लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत उघड्या सायकलसाठी जागा आरक्षित करावी लागते. जपानमध्ये सहसा सायकल सुटी करून ‘रिन्को’ पिशवीत पूर्ण झाकल्याशिवाय गाडीत घेता येत नाही.

खोका, बॅग की पेटी

कडक प्लास्टिकची पेटी सायकल सगळ्यांत चांगली सांभाळते. पण ती स्वतःच दहा-बारा किलोची असते, महाग असते, आणि सहल एका गावात सुरू होऊन दुसऱ्या गावात संपणार असेल तर ती ठेवायची कुठे हा प्रश्न उरतो. मऊ अस्तराची बॅग हलकी असते आणि घडी करून ठेवता येते. पण तिच्यावर दुसऱ्या बॅगा रचल्या गेल्या तर आतली सायकल तुम्ही बांधली असेल तेवढीच वाचते.

पहिल्यांदा जाणाऱ्याला मी पुठ्ठ्याचा खोका सुचवते. सायकलच्या दुकानात नव्या सायकली याच खोक्यांतून येतात. जाण्याच्या दहा-पंधरा दिवस आधी सांगून ठेवलं तर दुकानदार एखादा बाजूला काढून ठेवतो, सोबत चाकाच्या आसाला लावायच्या प्लास्टिकच्या टोप्या आणि पुढच्या चाकाच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) बसवायचा आडवा तुकडाही देतो. हे तुकडे दुकानात रोज टाकून दिले जातात, आपल्याला मात्र ते फार मोलाचे. खोका घेताना आपल्या फ्रेमच्या मापाचा घ्या. अरुंद खोक्यात सायकल कोंबली की पुठ्ठा फुगतो, आणि फुगलेला खोका सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर अडकून फाटतो. परतीचं विमान दुसऱ्या गावाहून असेल तर तिथल्या एखाद्या दुकानाला निघण्याआधीच ईमेल करून खोका राखून ठेवायला सांगा.

खोका भरणं

निदान दोन दिवस आधी, दिवसाउजेडी भरा. पहिल्या खेपेला तीन तास लागतील असं धरा. आणि हे काम स्वतः करा. पैसे देऊन दुकानात करून घेता येतं, पण तिकडे उतरल्यावर खोका तुम्हालाच उघडायचा आहे, आणि कुठला बोल्ट कुठून निघाला हे हाताला माहीत असलेलं बरं. सहलीत जी अवजारं नेणार तीच वापरून सायकल सुटी करा. एखादा पाना कमी असेल तर तो घरीच लक्षात येईल. प्रत्येक पायरीला फोनवर फोटो काढा.

आधी सायकल धुवा, टायरच्या खाचांतली माती टोकदार काडीनं काढा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. वापरलेली सायकल तिथे जाहीर करावी लागते, आणि माती दिसली तर ती तपासणीत अडकते. इतर देशांतही स्वच्छ सायकल पटकन सुटते. शिवाय तुमचे हात कमी मळतात.

आता पेडल. नव्याने शिकणारे इथेच अडतात, म्हणून जरा सावकाश सांगते. उजव्या पेडलचे आटे नेहमीसारखे असतात, डाव्याचे उलटे. हे लक्षात ठेवायचा सोपा मार्ग आहे. पाना पेडलच्या आसावर चढवून त्याचा दांडा वरच्या दिशेला उभा करा. दांडा मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकलला की आवळतं. उजवीकडेही हेच आणि डावीकडेही हेच. पाना सहसा १५ मिमीचा लागतो. काही पेडलांना आतल्या बाजूनं ६ किंवा ८ मिमीची ॲलन की लागते. चेन आधी पुढच्या मोठ्या दातेरी चक्रावर चढवून ठेवा. पेडल अचानक सुटतं तेव्हा हात पुढे जातो, आणि दाते झाकलेले असले तर बोटं सोलवटत नाहीत. दुसऱ्या बाजूचं पेडल पायानं दाबून धरलं की क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, फिरत नाही. वर्षानुवर्षं न काढलेलं पेडल लोखंडासारखं बसलेलं असतं, म्हणून महिनाभर आधीच एकदा काढून, आट्यांना ग्रीस लावून परत बसवून ठेवा. आटे ग्रीस केलेले असले की परक्या विमानतळावर लहान पान्यानंही काम होतं.

सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, काढण्याआधी, ती फ्रेममध्ये जिथे शिरते तिथे इलेक्ट्रिशियनची रंगीत टेप गुंडाळा. एवढ्याशा खुणेनं सीटची उंची सहलभर बरोबर राहते आणि गुडघे दुखत नाहीत. हँडलबारला स्टेमपाशी, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या तुकड्यापाशीही, तशीच खूण करा. हँडल काढताना स्टेमच्या पुढच्या झाकणाचे बोल्ट सोडा, हँडल खाली लोंबू द्या आणि ते फ्रेमला समांतर बांधा. बोल्ट मोकळे ठेवू नका, झाकण परत लावून चार-चार आटे फिरवून ठेवा. स्टेम फोर्कवरून उपसायची गरज शक्यतो पडू देऊ नका. ती काढली की हेडसेट, म्हणजे हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं, सुटा होतो, आणि तो नीट परत आवळणं नवख्या हाताला जमतंच असं नाही.

पुढचं चाक काढा. बहुतेक खोक्यांत मागचं चाक जागेवर राहतं, लहान खोक्यात तेही काढावं लागतं. चाक काढलं की पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, बाजूनं दाब आला तर चेपतो. म्हणून त्याच्या दोन टोकांमध्ये तो प्लास्टिकचा आडवा तुकडा बसवा. थ्रू-ॲक्सल, म्हणजे आरपार जाऊन आट्यांनी आवळला जाणारा आस, असेल तर तोच परत आटे फिरवून जागेवर लावा, काम होतं.

डिस्क ब्रेक असतील तर दोन पॅडांच्या मधे प्लास्टिकचा किंवा जाड पुठ्ठ्याचा तुकडा घट्ट बसवा. चाक बाहेर असताना चुकून ब्रेकची मूठ दाबली गेली तर पिस्टन पुढे येतात, पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग डिस्क आत जात नाही. माझ्याबरोबरच्या एकीचं असं झालं होतं. टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं ते पॅड मिलिमीटर-मिलिमीटर मागे ढकलण्यात आमचा पाऊण तास गेला. काढलेल्या चाकाची डिस्क खोक्यात आतल्या बाजूला, पण फ्रेमला टेकणार नाही अशी ठेवा आणि तिच्यावर पुठ्ठ्याची गोल चकती बांधा. डिस्क जरा वाकली तरी ती फिरताना घासत राहते.

आणि मागचं डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग. सायकलच्या सबंध अंगात सगळ्यांत आधी मार बसतो तो याला, कारण ते बाहेर आलेलं असतं. ५ मिमीच्या ॲलन कीनं ते सोडवा, चेन आणि केबल तशीच लावलेली असू द्या. बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या आतल्या बाजूला, मागच्या त्रिकोणात बांधा. ते ज्या छोट्या धातूच्या कानाला लागतं त्याला हँगर म्हणतात. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो, त्यामुळे आधी तोच वाकतो. प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा असतो आणि परक्या देशातल्या दुकानात तुमचा मिळेलच याचा भरवसा नाही. एक जास्तीचा सोबत असू द्या. वीस-तीस ग्रॅमचा तुकडा असतो, पण तो नसेल तर सहल पहिल्याच दिवशी थांबू शकते.

टायरमधली हवा कमी करा, पूर्ण काढू नका. हवेचा दाब कमी होऊन टायर फुटतील ही भीती ऐकायला मिळते. प्रवासी विमानांत खालचा सामानाचा भागही केबिनइतक्याच दाबाखाली ठेवलेला असतो. तिथला दाब जमिनीवरच्यापेक्षा साधारण चार पीएसआयनं कमी होतो, चांगल्या टायरला तेवढ्यानं काही होत नाही. पण कंपन्यांचा नियम हवा काढण्याचा असतो, म्हणून काउंटरवर वाद होऊ नये इतकी काढा आणि चाक जमिनीवर आपटलं तर रिम वाचेल इतकी राहू द्या.

फ्रेमच्या नळ्यांना पाइपावर चढवतात तसा फोम लावा आणि सगळं एकमेकांना झिप टायनं बांधा. बांधून झाल्यावर खोका हलवून कान द्या. आतून खडखड आली तर परत उघडा. खोक्यात एकही वस्तू सुटी नको, कारण सुरक्षा तपासणीत खोका तुमच्या माघारी उघडला जाऊ शकतो आणि परत कसा बंद होईल ते सांगता येत नाही. एका सहलीत माझा खोका एका कोपऱ्यातून उघडा पोचला आणि छोट्या पिशवीतल्या दोन पेडलांपैकी एकच आत होतं. संध्याकाळ नवी पेडल शोधण्यात गेली. आता पेडल, स्क्यूअर (चाक आवळायची बारीक दांडी), बोल्ट हे सगळं एका कापडी पिशवीत घालून ती पिशवी मी फ्रेमलाच बांधते. टेपचा एक रोल आणि दहा-बारा झिप टायही आत टाका, परतीला लागतात.

खोक्याच्या तळाला टेप दुहेरी मारा, हाताच्या खाचांभोवतीही मारा. नाव, देशाच्या कोडसह फोन नंबर, ईमेल आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता बाहेर दोन बाजूंना लिहा, आणि तोच कागद आत फ्रेमला चिकटवा. शेवटी वजन करा. हातात खोका घेऊन वजनकाट्यावर उभं राहा आणि त्यातून स्वतःचं वजन वजा करा.

काय खोक्यात, काय हातात

सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. साधारण मर्यादा १०० वॉट-अवरची आहे. पॉवर बँकेवर फक्त एमएएच लिहिलं असेल तर तो आकडा ३.७ नं गुणून १००० नं भागा. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवरची होते, म्हणजे चालते. कित्येक कंपन्या आता उड्डाणात पॉवर बँक वापरू देत नाहीत, त्यामुळे फोन आधीच पूर्ण चार्ज करा. इलेक्ट्रॉनिक गिअरच्या सुट्या होणाऱ्या बॅटऱ्या काढून हातातल्या बॅगेत ठेवा. विजेवर चालणाऱ्या सायकलची बॅटरी सहसा ३०० वॉट-अवरच्या पुढे असते, आणि ती प्रवासी विमानात नेताच येत नाही. तशी सायकल हवी असेल तर तिकडेच भाड्यानं घ्यावी लागते.

हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांबाबत देशोदेशी आणि कंपनीगणिक वेगळे नियम आहेत. घेऊन जाऊ नका, लहान हातपंप न्या. स्वयंपाकाच्या गॅसचा डबा, स्प्रेचं डीग्रीजर, ज्वलनशील क्लीनर हेही नको. चेनला लावायचं तेल तिकडे पहिल्याच दुकानात मिळतं. पाने, चाकू, मल्टिटूल सगळं खोक्यात. हातातल्या बॅगेत मल्टिटूल विसरलं तर ते सुरक्षा तपासणीतच ठेवून यावं लागतं, आणि मग सायकल जुळवायची कशानं?

हेल्मेट मात्र हातात न्या. चेक-इन बॅगेत त्यावर भार पडून आतला फोम तडकू शकतो, आणि तो तडा बाहेरून दिसेलच असं नाही. सायकलचे बूट, एक जोडी सायकलचे कपडे, औषधं आणि सगळी कागदपत्रंही हातातच. खोका एक-दोन दिवस उशिरा आला तरी भाड्याची सायकल घेऊन सहल सुरू करता येते ती या वस्तूंच्या जोरावर.

सायकल खरेदीची पावती आणि फ्रेमवर कोरलेल्या नंबराचा फोटो फोनमध्ये ठेवा. कस्टम्सला आणि विम्याला, दोन्हीकडे लागतो. प्रवासाचा विमा घेताना त्यात सायकल आणि सायकल चालवताना झालेला अपघात बसतो का ते विचारून घ्या. पुष्कळ विम्यांत सामानाच्या एका वस्तूची मर्यादा सायकलच्या किमतीच्या कितीतरी खाली असते.

विमानतळावर

आदल्या रात्री झोपा. शेवटच्या रात्री जागून सामान भरणं हे थकव्याचं कर्ज असतं, आणि ते पुढचे तीन दिवस फेडावं लागतं.

खोका साध्या टॅक्सीत मावत नाही. मागची सीट आडवी होणारी मोठी गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवा आणि सांगताना खोक्याचं माप सांगा. उड्डाणाच्या निदान साडेतीन तास आधी पोचा. चेक-इन काउंटरवर खोक्याला टॅग लागतो, पण तो त्या पट्ट्यावरून जात नाही. मोठ्या आकाराच्या सामानाची वेगळी खिडकी असते, ती बऱ्याचदा हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे तपासणी होईपर्यंत थांबा. उघडून बघायचं असेल तर तुमच्यासमोर उघडलं जातं आणि परत टेप लावायला तुम्ही हजर असता. म्हणून टेपचा दुसरा रोल हाताशी ठेवा.

टॅग लागला की त्यावरचं तीन अक्षरी विमानतळाचं कोड वाचा. शेवटच्या मुक्कामाचं आहे की मधल्या थांब्याचं? शेवटच्या मुक्कामाचं नसेल तर तिथेच विचारा. टॅगच्या पावतीचा आणि बंद खोक्याचा चारही बाजूंनी फोटो काढा. खोक्यात ब्लूटूथचा छोटा ट्रॅकर टाकलेला असला तर खोका कुठल्या शहरात राहिला हे तुम्हाला कंपनीच्या आधी कळतं.

विमानात आणि मधल्या थांब्यावर

विमानात बसलं की माझ्या मनात नेहमी एक गोष्ट येते. राइट बंधूंचं डेटनमध्ये सायकलचं दुकान होतं. १९०३ साली त्यांचं विमान उडालं तेव्हा इंजिनाची ताकद पंख्यांपर्यंत सायकलसारख्याच दातेरी चक्रांनी आणि साखळीनं पोचवलेली होती. पोटात सायकल घेऊन उडणाऱ्या विमानाचं सायकलशी असं जुनं नातं आहे.

बाकी इथे करण्यासारखं थोडं आहे, पण तेवढं करा. केबिनची हवा फार कोरडी असते, पाणी पीत राहा. दर दीड-दोन तासांनी उठून चाला, बसल्या जागी टाचा वर-खाली करा. लांबच्या उड्डाणात पायाच्या शिरांत गाठ होण्याचा धोका असतो, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच पायांवर भार टाकायचा आहे. घड्याळ विमानात बसल्याबरोबर तिकडच्या वेळेवर लावा आणि तिकडे रात्र असेल तेव्हाच झोपायचा प्रयत्न करा.

मधल्या थांब्यावर सामान आपोआप पुढे जातं, पण सगळीकडे नाही. अमेरिकेत सहसा देशात पाऊल ठेवता त्या पहिल्याच विमानतळावर खोका स्वतः घ्यावा लागतो, कस्टम्समधून न्यावा लागतो आणि परत द्यावा लागतो. तिथला थांबा म्हणून मोठा घ्यायचा.

उतरल्यावर

खोका सरकत्या पट्ट्यावर शोधत बसू नका. मोठ्या सामानाचं वेगळं दार असतं, पाटी बघा किंवा विचारा. कधी कधी खोका सगळ्यांच्या नंतर अर्ध्या तासानं येतो.

हातात आला की बाहेर पडण्याआधी तिथेच तपासा. पुठ्ठा फाटलाय, ठेचलाय, ओला आहे? मग उघडा आणि फ्रेम, फोर्क, डिस्क बघा. काही मोडलं असेल किंवा खोका आलाच नसेल तर सामानाच्या काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. हा कागद हातात असल्याशिवाय बाहेर पडू नका. आंतरराष्ट्रीय उड्डाणांना बहुतेक ठिकाणी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. त्यानुसार मोडतोडीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून ७ दिवसांत, आणि उशिराची तक्रार सामान हाती आल्यापासून २१ दिवसांत करायची असते. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर २०२४ पासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक), म्हणजे साधारण दोन हजार अमेरिकी डॉलर आहे. सायकल याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळी जास्तीचं मूल्य जाहीर करता येतं, किंवा वेगळा विमा घ्यावा लागतो.

जुळणी

विमानतळावरच सायकल जुळवून तिथूनच निघायचं, असं पुष्कळ जण करतात. मी पहिल्यांदा जाणाऱ्याला नको म्हणेन. मुक्काम विमानतळापासून पाच-दहा किलोमीटरच्या आत घ्या, खोका तसाच तिथे न्या, अंघोळ करा, जेवा आणि मग शांतपणे जुळणी करा. बुकिंग करतानाच विचारा की सायकल जुळवायला जागा आहे का आणि रिकामा खोका मी परत येईपर्यंत ठेवाल का. सायकलवाल्यांची ये-जा असलेल्या ठिकाणी हे दोन्ही सहसा जमतं.

उलट्या क्रमानं जा, फोटो समोर ठेवा. डिरेलर लावताना त्याचा बोल्ट आधी बोटांनीच फिरवा. आटे वाकडे चढले तर हँगर खराब होतो, म्हणून बोट अडलं की सोडून पुन्हा सरळ लावा. पेडलचंही तसंच, आधी बोटांनी तीन-चार आटे, मग पाना. स्टेमच्या पुढच्या झाकणाचे चार बोल्ट एकदम आवळू नका. तिरके-तिरके, थोडे-थोडे आवळा, वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. साधारण पाच न्यूटन-मीटर पुरतं. नेमका आकडा बहुधा स्टेमवरच लिहिलेला असतो. कार्बनचे भाग असतील तर लहान टॉर्क की (ठरावीक जोरापर्यंतच आवळू देणारी) सोबत हवीच.

मग तपासणी. पुढचं चाक उचलून गुडघ्यांत धरा आणि हँडल वळवून बघा, सहज वळलं तर स्टेम सैल आहे. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागे-पुढे हलवा, टकटक जाणवली तर हेडसेट सैल आहे. दोन्ही चाकं फिरवून डिस्क घासते का ऐका. सगळे गिअर एकदा खालून वर आणि वरून खाली बदला. सगळ्यांत मोठ्या दातेरी चक्रावर जाताना डिरेलर आऱ्यांना लागत असेल तर हँगर वाकलाय, तो बदलल्याशिवाय एकही चढ चढू नका. हवा पूर्ण भरा. हातपंपानं शंभर-सव्वाशे दणके लागतील, पण जवळपास सायकलचं दुकान असेल तर ते मोठा पंप सहसा आनंदानं देतात.

पहिली संध्याकाळ

उजेड असेल तर वीस मिनिटं, फक्त वीस, गल्लीत फिरून या. दोन कामं होतात. एक म्हणजे सैल राहिलेलं काही असेल तर ते घराजवळच वाजतं. दुसरं, डोळ्यांना तिकडची वाहतूक कळते. वाहनं तुमच्या सवयीच्या उलट बाजूनं चालत असतील तर सरळ रस्त्यावर अडचण येत नाही. चूक होते ती चौकात वळताना, गोल चक्रात शिरताना आणि रिकाम्या रस्त्यावर सकाळी पहिल्यांदा सायकल काढताना. हँडलवर टेपचा तुकडा चिकटवून त्यावर कुठल्या बाजूनं जायचं त्याचा बाण काढा. पहिले तीन दिवस तो खरंच उपयोगी पडतो.

शरीराचं घड्याळ नव्या वेळेला साधारण दिवसाला एक तास या गतीनं जुळतं, पूर्वेकडे गेलात तर आणखी सावकाश. संध्याकाळी झोप अनावर झाली तरी बाहेरच्या उजेडात राहा आणि तिथल्या रात्रीपर्यंत ताणा. पहाटे तीनला जाग येईल, आली तर उठून नकाशा फोनमध्ये ऑफलाइन उतरवून घ्या, दुसऱ्या दिवसाच्या वाटेवर पाणी आणि दुकानं कुठे आहेत ते बघा.

सकाळी निघण्याआधी खोका घडी करून त्यावर तुमचं नाव आणि परत येण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहा, टेप आणि झिप टाय त्याच्या आतच चिकटवून ठेवा. आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर एकदा थांबून पेडल, स्टेम आणि सीटपोस्टचे बोल्ट पुन्हा तपासा. नव्यानं लावलेले बोल्ट थोडे बसतात, त्या थांब्यावर एखादा हमखास पाव फेरा घेतो.